तुम्ही विचारलंत म्हणून: जपानात राहून जुनीच गाडी का?

पुण्याहून कुणीही आलं की आमच्या वॅगन आरकडे बघून विचारतं, "एवढी वर्षं जपानात, दोघं कमावते, आणि गाडी सेकंडहँड?" व्हिडिओ कॉलवर पिवळी नंबरप्लेट दिसली तेव्हा मावशीला ती टॅक्सीच वाटली होती. इथे पिवळी पाटी म्हणजे ६६० सीसीपर्यंतची छोटी गाडी. तिला 'के' म्हणतात.

व्हिसा तीन-तीन वर्षांचा, त्यामुळे नव्या गाडीचं कर्ज डोक्यावर नको होतं, हे एक कारण. पण जुन्या गाडीवर विश्वास बसला तो 'शाकेन'मुळे. ही सरकारी तपासणी. नव्या गाडीची पहिली तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, धूर सगळं बघतात, सक्तीचा विमाही त्याच वेळी भरायचा. मागच्या खेपेला आमचे सत्तर हजार येनच्या आसपास गेले. म्हणून किंमत ऐकून हुरळू नका, आधी शाकेन किती महिने शिल्लक आहे ते विचारा.

कराचंही बघा. १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर, वर्षाचा कर त्याच्याकडून. के गाडी वर्षाच्या मध्येच काढून टाकली तरी भरलेला कर परत मिळत नाही, तेव्हा देश सोडणाऱ्यांनी मार्च संपायच्या आत नाव उतरवून घ्यावं. गाडीला १३ वर्षं उलटली की कर चढतो. आमचा ७,२०० चा १२,९०० येन झाला.

आमची गाडी २००८ ची. २०१९ मध्ये हामामात्सुत, आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांकडून घेतली. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी आपणहून लायसन्स परत केलं. इथे बरेच वयस्कर लोक तसं करतात. गाडी जेमतेम ३८ हजार किलोमीटर चाललेली. किल्ली देण्याआधी त्यांनी ती धुऊन, आतली पायपुसणी उन्हात वाळवून ठेवली होती.

डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिसिंगचं पुस्तक होतं, गॅरेजचे शिक्के ओळीनं मारलेले. त्याखाली एक पातळ वही. अकरा वर्षांत भरलेलं सगळं पेट्रोल तिच्यात पेन्सिलीनं लिहिलेलं: तारीख, लिटर, किलोमीटर. एका पानावर मध्येच दोन महिने कोरे. आजी तेव्हा दवाखान्यात होत्या, असं त्यांनी सांगितलं. मी वही परत द्यायला गेले, तर म्हणाले, "ती गाडीची आहे."

कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मी सांगते, रंगाची चकाकी राहू दे, आधी तो कप्पा उघडून बघ. मला तरी त्या वहीइतकी खात्री कुठल्याच शोरूममध्ये मिळाली नसती.

आजोबांची शेवटची नोंद २१ लिटरची. तिच्याखालून माझं अक्षर सुरू होतं, आकडे मराठीत.