'डोया' म्हणणारं पोर आणि बीएएसएलपी

धुळ्याकडचं पाच वर्षांचं पोर 'डोळा'ला 'डोया' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणत असेल, तर त्याला स्पीच थेरपी लागत नाही. घरात सगळे अहिराणीत तसंच बोलतात. दुसरं एखादं पोर 'काका'ला 'ताता' म्हणत असेल, तर आधी कान तपासायचे, मग जीभ-टाळू बघायची आणि शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी कोणता ध्वनी कुठे बिघडतो ते लिहून काढायचं. प्रमाण मराठीची चाचणी डोळे झाकून लावली तर दोन्ही पोरं नापास. म्हणून अहिराणी ऐकत वाढलेल्या मुलामुलींनी या क्षेत्रात यायला हवं.

पदवीचं नाव बीएएसएलपी, म्हणजे ऐकण्या-बोलण्यातले दोष तपासून त्यावर उपचार करायला शिकवणारी पदवी. चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बारावी सायन्स लागतं. प्रवेशाचे नियम संस्थेगणिक वेगळे आहेत, त्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण मानावं. बांद्र्याची अली यावर जंग संस्था, मुंबईचंच नायर रुग्णालय, पुण्याचं भारती विद्यापीठ ही ठिकाणं आहेत. म्हैसूरची 'आयश', म्हणजे अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, १९६५ पासूनची. फी भरण्याआधी कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता आहे का, ते परिषदेच्या यादीतच बघा. पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. काही आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, नोंदणी त्याने मिळत नाही.

बरेच विद्यार्थी पहिल्या वर्षीच गांगरतात. 'स्पीच' वाचून आलेले असतात आणि समोर येतं ध्वनीचं भौतिकशास्त्र, डेसिबल, मेंदूच्या नसा. पदवीत ऑडिओलॉजीचा, म्हणजे श्रवणशास्त्राचा, वाटा मोठा आहे: २५० ते ८००० हर्ट्झचा ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख), तान्ह्या बाळांच्या ओएई आणि बेरा या कानाच्या चाचण्या, श्रवणयंत्र बसवणं. क्लिनिकच्या फायली तर झोप उडवतात. 'मूल र नीट म्हणेल' हे उद्दिष्ट चालत नाही. 'चित्र दाखवल्यावर शब्दाच्या सुरुवातीचा र दहापैकी आठ वेळा बरोबर' असं मोजता येण्यासारखं लिहावं लागतं.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर रुग्णालयातलं काम बाहेरच्यांना ठाऊकच नसतं. पक्षाघातानंतर काहींची भाषा जाते, पण त्याआधी बघायचं ते गिळणं. पाणी पिताना ठसका लागला तर किमान कळतं तरी. काहींच्या फुफ्फुसात अन्न ठसक्याविनाच उतरतं आणि न्यूमोनिया होतो. घरचे मात्र मायेने चमच्याने पाणी पाजत असतात. तंबाखू-गुटख्यामुळे जिभेचा किंवा स्वरयंत्राचा कॅन्सर होऊन शस्त्रक्रिया झालेल्यांना पुन्हा बोलायला आणि गिळायला शिकवणं हेही स्पीच थेरपिस्टचंच काम.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हास्तरीय लवकर हस्तक्षेप केंद्रांत ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्टचं पद असतं. पद बहुधा कंत्राटी, पण तिथे मुलं लहान वयात हाती येतात. श्रवणदोषाचा हिशोब १-३-६ असा आहे: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, सरकारी योजनेतून होतंही. घोडं अडतं ते पुढे. यंत्र सुरू झालं की पोर बोलेल, असं आईबाप धरून चालतात, प्रत्यक्षात पुढची काही वर्षं ऐकण्याची तालीम असते. श्रवणयंत्र कंपन्यांत पगार लवकर मिळतो, सोबत विक्रीचं टार्गेटही. मला ती जोडी पटत नाही.

स्वतःचं क्लिनिक जळगाव किंवा नंदुरबारला काढायचं, तर आठवड्यातून तीनदा या, हे अक्कलकुव्याहून येणाऱ्यांना सांगून उपयोग नाही. कापूस वेचणी सुरू झाली की दांड्या पडतातच. महिन्यातून दोनदा बोलवा, आईकडून सराव समोर करून घ्या, तिच्याच मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या. आणि 'घरात अहिराणी बंद करा' हा सल्ला कधीच देऊ नका. दोन भाषा ऐकल्याने बोलणं लांबत नाही; ज्या भाषेत आजी दिवसभर बोलते ती बंद केली, तर पोराचं ऐकणंच निम्म्यावर येतं.