जीपीएस असताना जमिनीवरचे अँटेना कशाला?

"प्रत्येकाच्या खिशात जीपीएस आहे, विमानात तर त्याहून चांगलं असणार. मग विमानतळावरचे ते लाल-पांढरे अँटेना अजून कशाला जपता?" विमानांना वाट दाखवणारी जमिनीवरची यंत्रं सांभाळणं हे माझं काम आहे हे कळलं, की पुढचा प्रश्न हाच असतो. कोणी कुतूहलाने विचारतं, कोणी खर्च वाया जातोय अशा सुरात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रश्न रास्त आहे. आजचं प्रवासी विमान बहुतेक वेळ उपग्रहांच्या आधारेच आपली जागा ठरवतं, आणि उपग्रह ते काम फार उत्तम करतात. पण यंत्र किती अचूक आहे हा आमच्याकडे दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असा, की ते बिघडलं तर काय करेल? गप्प बसेल, की चुकीचं सांगत राहील? घड्याळ बंद पडलं तर लगेच लक्षात येतं. पंधरा मिनिटं मागे पडलं तर गाडी चुकल्यावर कळतं. विमानाच्या बाबतीत हा दुसरा बिघाड जीवघेणा असतो.

ढगांत काही दिसत नसताना विमान धावपट्टीवर नेमकं येतं, ते अजूनही बहुतेक मोठ्या विमानतळांवर आयएलएसच्या, म्हणजे रेडिओ लहरींनी उतरण्याची वाट दाखवणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रणेच्या आधाराने. त्याचे मुख्य भाग दोन. लोकलायझर डावं-उजवं सांगतो, ग्लाइड पाथ वर-खाली. लोकलायझरच्या अँटेनांची रांग धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला, येणाऱ्या विमानाकडे तोंड करून उभी असते. तिच्या लहरींवर 90 हर्ट्झ आणि 150 हर्ट्झ असे दोन सूर चढवलेले असतात. विमान मध्यरेषेच्या डावीकडे सरकलं तर 90 चा जोर वाढतो, उजवीकडे सरकलं तर 150 चा. दोन्ही सारखे आले, म्हणजे विमान रेषेवर. ग्लाइड पाथचं तत्त्व हेच: वरच्या अंगाला 90, खालच्या अंगाला 150, आणि दोन्ही समसमान असलेली रेघ सहसा जमिनीशी 3 अंशांचा कोन करून धावपट्टीपर्यंत उतरते. कॉकपिटमधला काटा या दोन सुरांमधला फरक तेवढा दाखवतो. फरक शून्य, की काटा मध्यभागी. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

ग्लाइड पाथची एक गंमत फारशी कोणाला माहीत नसते. धावपट्टीच्या बाजूला, विमान जिथे टेकतं त्या सुमारास, त्याचा उंच खांब असतो. त्यावरच्या अँटेनांमधून थेट निघालेली लहर आणि समोरच्या जमिनीवर आपटून वर गेलेली लहर, या दोन्ही मिळून ती 3 अंशांची वाट तयार होते. म्हणजे समोरची जमीन हा अँटेनाचाच भाग झाला. म्हणून आम्ही गवताच्या उंचीवर लक्ष ठेवतो. गवत माजलं, पाणी साचलं, बर्फाचा थर बसला, की परावर्तन बदलतं आणि वाट किंचित वाकू शकते. एखादा ट्रक नको तिथे उभा राहिला तरी तेच. त्यासाठी अँटेनांसमोरचं क्षेत्र आखून दिलेलं असतं, आणि धुक्याच्या दिवशी टॉवरमधले कंट्रोलर जमिनीवरच्या विमानांनाही त्या क्षेत्राबाहेर थांबवतात. मला स्वतःला या कामातलं हेच सगळ्यात आवडतं: इलेक्ट्रॉनिक्सचं एवढं नाजूक गणित, आणि त्यात गवताचाही हिशोब धरावा लागतो.

आता गप्प बसण्याची व्यवस्था. आयएलएसच्या प्रत्येक ट्रान्समीटरवर मॉनिटर असतो. बाहेर गेलेली लहर तो सतत परत मोजत राहतो. वाट ठरलेल्या मर्यादेबाहेर सरकली, की आधी राखीव ट्रान्समीटर चालू होतो. त्यानेही भागलं नाही तर प्रसारण बंद. साध्या, म्हणजे कॅटेगरी 1 च्या लोकलायझरला चुकीची लहर जास्तीत जास्त 10 सेकंद बाहेर जाऊ देण्याची मुभा आहे. दाट धुक्यात जवळजवळ काही न दिसता उतरण्याच्या कॅटेगरी 3 साठी फक्त 2 सेकंद. प्रसारण थांबलं की पायलटसमोरच्या काट्यावर इशारा उमटतो, आणि तो उतरणं सोडून पुन्हा वर जातो. इंधन जळतं, उशीर होतो, प्रवासी वैतागतात. माणसं मात्र सुखरूप असतात. 

शिवाय मोर्सची खूण आहेच. प्रत्येक स्टेशन आपली दोन-चार अक्षरं डिट-डा करून पाठवत राहतं. पायलट ती ऐकून खात्री करतो, की आपण हव्या त्याच यंत्राचं ऐकतोय आणि ते वापरण्याजोगं आहे. दुरुस्ती चालू असेल तेव्हा ही खूण काढून टाकतात. लहर हवेत असली तरी खूण नाही, म्हणजे हात लावू नका.

हे सगळं असूनही काय होऊ शकतं, ते जुलै 2000 मध्ये सामोआत दिसलं. एअर न्यूझीलंडचं एक बोइंग 767 रात्री आपियाच्या फालेओलो विमानतळावर उतरत होतं. काटे मध्यभागी, इशारा कुठलाच नाही. पण तिथला ग्लाइड पाथ देखभालीनंतर अशा स्थितीत राहून गेला होता, की मॉनिटर त्याला बंद करू शकत नव्हता. टॉवरला यंत्राची अवस्था कळवणारी जोडणीही तुटलेली होती. लहरीतला, दोन सुरांमध्ये फरक घडवणारा भाग प्रसारितच होत नव्हता. उरले होते दोन समसमान सूर. म्हणून विमान कुठेही असो, फरक शून्य, काटा मध्यभागी. मोर्सची खूणही कामी आली नाही, कारण आयएलएसची खूण लोकलायझरवरून जाते आणि लोकलायझर ठणठणीत होता. विमान धावपट्टीच्या कित्येक मैल अलीकडेच जमिनीपासून चारेकशे फुटांपर्यंत खाली आलं. बाहेरचे दिवे आणि आपण आहोत ती जागा यांचा मेळ बसत नाही हे पायलटांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी विमान वर घेतलं. सगळे वाचले. माझ्यासारख्या काम करणाऱ्यांना हा प्रसंग शिकवतात तो यासाठी, की मॉनिटर बाजूला ठेवून काम करताना आपण नेमकं काय बाजूला ठेवतोय हे कळावं.

अशा वेळी उपयोगी पडतो तो डीएमई, म्हणजे विमानाला अंतर सांगणारं जमिनीवरचं यंत्र. विमान एक स्पंदनांची जोडी पाठवतं, जमिनीवरचं यंत्र ठरलेले 50 मायक्रोसेकंद थांबून उत्तर देतं, आणि एकूण लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. तत्त्व अगदी सरळ आहे. 3 अंशांच्या वाटेवर दर सागरी मैलाला सुमारे 318 फूट उंची कमी होते, तेव्हा धावपट्टी पाच मैलांवर असताना विमान साधारण सोळाशे फुटांवर असायला हवं. अंतर एका यंत्राने सांगायचं, उंची दुसऱ्याने, वाट तिसऱ्याने, आणि तिन्ही जुळतात का ते माणसाने बघायचं. इथे महत्त्वाचं हे, की ही तीन यंत्रं एकमेकांवर अवलंबून नाहीत. एकाच्या बिघाडात दुसरं ओढलं जात नाही.

जीपीएसकडे मी याच नजरेने बघते. हे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून आलेली लहर जमिनीजवळ पोचते तेव्हा तिची ताकद एका वॅटचा अब्जावा भाग, आणि त्याचाही कोट्यवा भाग, एवढी उरते. इतक्या क्षीण लहरीला दाबून टाकणं अवघड नाही. त्याला जॅमिंग म्हणतात, आणि त्यात निदान जीपीएस गप्प होतं, म्हणजे कळतं तरी. स्पूफिंग वाईट. त्यात कोणीतरी उपग्रहांसारख्याच बनावट लहरी सोडतं आणि रिसीव्हर खोटी जागा खरी मानून बसतो. रिसीव्हरमध्ये स्वतःची पडताळणी असते: पाच उपग्रह दिसत असले तर त्यातल्या एकाची गडबड ओळखता येते, सहा असले तर त्याला वगळताही येतं. पण बनावट लहरींत सगळेच उपग्रह एका सुरात खोटं बोलतात. मग कोणाची साक्ष काढणार?

2023 च्या उत्तरार्धापासून पश्चिम आशियावरून जाणाऱ्या विमानांच्या बाबतीत हे वारंवार घडू लागलं. पडद्यावरची जागा भलतीकडे उडी मारायची, घड्याळ बदलायचं, आणि जमीन जवळ आल्याचा इशारा उंच आकाशात वाजायचा. विमानातली इनर्शियल यंत्रणा बाहेरचं काहीच ऐकत नाही. लेझर जायरो आणि त्वरणमापक यांच्या जोरावर ती आपण कुठून निघालो, किती वळलो, किती पुढे गेलो याचा हिशोब ठेवते. ती तासाला मैलभर सरकली तरी खोटं कोणी तिच्यात भरू शकत नाही. पण अनेक विमानांत हा हिशोब मधूनमधून जीपीएसशी जुळवून घेतला जातो. जीपीएस फसलं, तर त्याच्याबरोबर हीही फसू शकते. स्वतंत्र साक्षीदार आपणच एकाच्या दावणीला बांधला, तर त्याचा उपयोग काय?

एस्टोनियातल्या टार्टूचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवर अवलंबून होती. त्यात अडथळे येऊ लागले, आणि एप्रिल 2024 च्या अखेरीला फिनएअरने तिथली उड्डाणं महिनाभरासाठी थांबवली. विमानतळ धडधाकट होता, विमानं आणि वैमानिक तयार होते. उड्डाणं परत सुरू झाली ती जीपीएस न लागणारी उतरण्याची पद्धत बसवल्यावर, जमिनीवरच्या डीएमईच्या आधाराने. तेच डीएमई, ज्याला जुनाट म्हणतात.

कंट्रोलरच्या पडद्यावरही हीच गोष्ट आहे. एडीएस-बी या पद्धतीत विमान स्वतःच आपली जागा सांगत राहतं. स्वस्त आणि सुटसुटीत. समुद्रावर किंवा डोंगराळ भागात तर वरदानच. पण ती जागा विमानाला मुळात जीपीएसने सांगितलेली असते. रडार मात्र विमानाची दिशा आणि अंतर स्वतः मोजतं. दोन विमानांमध्ये पाच मैल किंवा हजार फूट अंतर राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याच्याकडे विमानाच्या सांगण्यापलीकडे काहीतरी हवंच.

गप्प बसण्याबद्दल मात्र एक जोडलं पाहिजे. यंत्र गप्प झालं हे सगळ्यांना माहीत असेल तरच ते गप्प बसणं सुरक्षित. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानं आदळली आणि 71 जण गेले. त्या आकाशाचं नियंत्रण झुरिकहून होत होतं. तिथे देखभाल चालू होती. टक्करीचा धोका पडद्यावर दाखवणारी यंत्रणा उपलब्ध नव्हती आणि मुख्य फोनही बंद होते. शेजारच्या केंद्रातल्या कंट्रोलरांना धोका दिसत होता, पण त्यांचा फोन लागेना. त्यातच एका विमानाला त्याच्या टीकॅसने, म्हणजे टक्कर टाळण्यासाठी विमानातच बसवलेल्या यंत्रणेने, वर जायला सांगितलं आणि जमिनीवरच्या कंट्रोलरकडून खाली यायची सूचना मिळाली. वैमानिकांनी जमिनीचं ऐकलं. दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींविरुद्ध गेल्या तर कोणाचं मानायचं, हे त्यानंतर निःसंदिग्ध केलं गेलं: टीकॅसचं. आज कुठलंही यंत्र देखभालीसाठी बंद करण्याआधी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, निघतो, टॉवरला सांगितलं जातं, वहीत वेळ लिहिली जाते. बाहेरच्याला ही निव्वळ कागदपत्रं वाटतील. मला त्यातली एकही ओळ गाळवत नाही.

मग सगळेच अँटेना कायम ठेवायचे का? नाही, आणि तसं मी म्हणतही नाही. अमेरिकेने आपले बरेचसे व्हीओआर काढायला घेतले आहेत, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. दिशा सांगणारे हे गोल अँटेना पूर्वी हवाई मार्गांच्या प्रत्येक वळणावर लागत. आता तेवढे लागत नाहीत. पण तिथे किती काढायचे याची मर्यादाही आखून घेतली: जीपीएस गेलं तरी मुख्य भूमीवर कुठल्याही विमानाला 100 सागरी मैलांच्या आत असा एखादा विमानतळ मिळाला पाहिजे, जिथे जमिनीवरच्या यंत्रांच्या आधाराने उतरता येईल. कोणी मला खर्च कमी करायला सांगितलं, तर मी याच हिशोबाने करेन. व्हीओआर आधी काढेन, डीएमई शेवटपर्यंत राखेन, आणि जिथे धुकं पडतं तिथल्या आयएलएसला हात लावू देणार नाही.