कडप्प्याखालचा सरकता ड्रॉवर: तिसरा रविवार

सांगाडा काल संध्याकाळी एकदाचा ओट्याखाली बसला. ड्रॉवर अजून कच्चा आहे, पण सरकतो.

सिडकोतल्या आमच्या जुन्या घरात ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आहेत. मागचा कुकर हवा असला की आईला पुढची सगळी पातेली आधी जमिनीवर मांडावी लागतात. टेलिस्कोपिक चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती धातूची पट्टी) लावायचं तर बाजूला लाकूड हवं. उभ्या कडप्प्याला भोक पाडलं तर कडेपासून तडा जायची भीती. म्हणून १८ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचा स्वतंत्र सांगाडा करून तो कप्प्यात सरकवायचा आणि चॅनल त्यालाच ठोकायचं, असं ठरवलं.

मागच्या रविवारी इथेच फसलो. कप्प्याची रुंदी पुढून मोजली, ५६० मिमी. सांगाडा ५५६चा केला, तो निम्म्यात अडकला. मागे टेप लावली तर ५५२! कडप्पा हातानं बसवलेला असतो, समांतर असेलच असं नाही. पुढे, मध्ये, मागे, आणि तिन्ही ठिकाणी वर-खाली मोजा; सगळ्यांत लहान माप धरा. सांध्यांना फेव्हिकॉल लावला नव्हता, नुसते स्क्रू होते, म्हणून निभावलं. वरची-खालची फळी १० मिमी कापून बाहेरचं माप ५४६ केलं. दोन्ही बाजूंचे ३६ गेले, आत ५१० उरले. चॅनल एका बाजूला साधारण १२.७ मिमी खातं, म्हणून ड्रॉवर ४८४ ठेवला. चॅनल २० इंची, पूर्ण बाहेर येणारं.

खरी धास्ती पुढे होती. ड्रॉवरमध्ये पातेली भरून तो पूर्ण ओढला, तर सांगाड्याची मागची बाजू उचलली गेली. भार पुढच्या कडेच्या बाहेर गेला की असं होणारच. सांगाडा वरच्या कडप्प्यापेक्षा ६ मिमी बुटका ठेवला होता. त्या फटीत अगदी मागे, दोन्ही कोपऱ्यांत, रबराची पट्टी ठेवून सागाच्या पाचरी ठोकल्या. आता कुकर, कढई आणि पाच पातेली घालून ओढला तरी हलत नाही. पाचरी पुढे ठोकून उपयोग नाही, उचलतं ते मागून.

ड्रॉवरचा दर्शनी भाग पॅकिंगच्या पेटीच्या पाइनचा आहे, अंबडच्या भंगारातून आणलेला. असं लाकूड घेताना शिक्का बघा. एचटी म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते स्वयंपाकघरात आणू नका. ८०, १२०, २२० असा पॉलिश पेपर मारल्यावर जो पिवळसर रेषांचा पोत वर आला, तो बघून लॅमिनेट लावायचा बेतच सोडला.

आईनं रिकामा ड्रॉवर चार-पाच वेळा आत-बाहेर केला आणि म्हणाली, "झाकण्यांचं काय रे?" तिचं बरोबर आहे, त्याच सगळ्यांत जास्त घसरतात. मागच्या भागात उभ्या पट्ट्या टाकतोय. ४० मिमी अंतरावर झाकणीची मूठ अडली, ४५वर आठही झाकण्या उभ्या राहिल्या. पट्ट्या अजून चिकटवलेल्या नाहीत. आई आठवडाभर वापरेल, मग फेव्हिकॉल.