बेगमी करायची तर आधी पाणी

बेगमी म्हटलं की बहुतेक जण आधी तांदळाचं पोतं आणतात. मी आधी पाणी भरून ठेवते. माणशी दिवसाला चार लिटर धरायचे. त्यात पिणं, जेमतेम स्वयंपाक आणि हात-भांडी धुणं भागतं, आंघोळ नाही. आम्ही चौघं, म्हणजे तीन दिवसांचे 48 लिटर झाले. एवढं पाणी आमच्याकडे बारा महिने झाकून ठेवलेलं असतं आणि ठरावीक दिवसांनी झाडांना घालून नवं भरलं जातं. नळाच्या पाण्याची शंका आली तर आधी स्वच्छ फडक्यातून गाळायचं, मग खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्यायचं. 2000 मीटरपेक्षा उंचावर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं.

धान्याच्या बाबतीत माझा नियम एकच: जे रोज खातो तेच साठवायचं. घरात कुणी खात नाही असे डबे वर्षभर धूळ खातात आणि गरजेच्या वेळी मुलं त्यांना तोंड लावत नाहीत. दर खेपेला नेहमीपेक्षा थोडं जास्त आणायचं, नवं मागे सरकवायचं, जुनं पुढे ओढायचं. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी आणि तिच्यावर तारीख. टंचाई सुरू झाल्यावर धावत जाऊन पिशव्या भरणं मला अजिबात पटत नाही. तेव्हा उचललेलं जादा पाकीट दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातलं असतं.

सगळं धान्य सारखं टिकत नाही. पांढरा पॉलिशचा तांदूळ कोरडा आणि हवाबंद असेल तर वर्षानुवर्षं राहतो. हातसडीच्या तांदळात कोंड्याचं तेल असतं, म्हणून तो सहाएक महिन्यांत खवट व्हायला लागतो. पिठाचंही तसंच, त्यामुळे जमेल तिथे अख्खं धान्य ठेवावं. सोंडे बाहेरून येतातच असं नाही, पुष्कळदा त्यांची अंडी दाण्याच्या आतच असतात. मी नवं धान्य घट्ट पिशवीत बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांवर ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडत नाही. ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत बाहेरच्या अंगाला दव धरतं. तेव्हाच उघडली तर तीच ओल दाण्यांवर बसते आणि मग बुरशी ठरलेली.

इंधनाचा विचार फार कमी जण करतात. डाळी-कडधान्यं भिजवून, एक उकळी काढून, पातेलं जाड पांघरुणात गुंडाळून ठेवलं की बरंच शिजणं आपोआप होतं. राजम्याला मात्र हे चालणार नाही, आणि हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते मंद आचेवर नष्ट होत नाही. तो निदान पाच तास भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात दहा मिनिटं तरी खळखळून उकळा. मी अर्धा तास उकळते. पुढचं शिजणं हवं तर पांघरुणात होऊ दे.

आता भाजीपाला. अंगणात पिकवून घर चालेल या आशेवर धान्याची साठवण कमी करू नका. 100 ग्रॅम बटाट्यात साधारण 75 ते 80 कॅलरी असतात. एका माणसाच्या 2000 कॅलरी नुसत्या बटाट्यावर भागवायच्या तर रोज अडीच किलो लागतात, महिन्याला 75 किलो. तेवढी जमीन किती घरांकडे असते? वाफे आणि कुंड्या हव्यात त्या वेगळ्या कारणासाठी. कोरड्या धान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. ते पालेभाजीतून मिळतं, आणि माती नसेल तर मोडातून. मूग भिजवून मोड आणले की त्यात ते तयार होतं; फडकं आणि पाणी पुरतं.

मुळा चार आठवड्यांत हाताशी येतो आणि त्याचा पालाही खाता येतो. पालक बाहेरच्या पानांनी खुडत गेलात तर मधून नवी पानं येत राहतात. जागा असेल तर रताळ्याचा वेल लावाच: कंद यायला तीन-चार महिने, पण कोवळ्या पानांची भाजी त्याच्या कितीतरी आधी होते. आणि हे सगळं आत्ताच, सुखाच्या दिवसांत करून बघायला हवं. पाणी किती लागतं, मावा ही रस शोषणारी बारीक कीड कधी पडते, आपल्या जागेत ऊन कुठवर येतं, हे एक हंगाम हात मातीत घातल्याशिवाय कळत नाही.

बी ठेवायचं तर सरळ वाणाचं. संकरित वाणाच्या फळातून धरलेलं बी पुढे तसंच उतरत नाही. जुन्या बियांतले दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवा. आठ-दहा दिवसांत पाच-सहाच उगवले तर दाट पेरा, दोन-तीनच आले तर नवं बी आणा. टोमॅटोचं बी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षं टिकतं. कांद्याचं एक-दोन वर्षांतच मरतं, म्हणून ते मी दरवर्षी ताजं घेते.