सव्वा मिली

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती थांबली तरच मला जाग येईल. आई चार उशांना टेकून बसल्या बसल्या झोपली आहे. आडवं होऊन झोपणं कधीच संपलं. आज दुपारी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या, डॉक्टर आणि सिस्टर घरी येऊन गेल्या, आणि कोणते उपचार हवेत-नकोत हे लिहून ठेवलेल्या कागदातली एक ओळ आईने बदलून घेतली. ती ओळ आणि त्यानंतर दादाने जे केलं ते, दोन्ही आजच लिहून ठेवायचं आहे.

आईला पल्मनरी फायब्रोसिस आहे. फुप्फुसाचा मऊ भाग हळूहळू जाड आणि ताठर होत जातो, जुन्या जखमेवरची कातडी होते तसा. हवा आत जाते, पण ऑक्सिजन पुरेसा रक्तात उतरत नाही. औषधांनी आजाराचा वेग कमी होतो, तो मागे फिरत नाही. हे आम्हाला निदान झालं त्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकलं सगळ्यांनी, मनावर कोणीच घेतलं नाही. कॅन्सर म्हणाले असते तर घर हादरलं असतं. ‘फुप्फुसाचा त्रास’ म्हटलं की लोक ‘जपा’ म्हणतात आणि आपणही जपायला लागतो, पुढचा विचार करत नाही.

दीड वर्षापूर्वी तिला छातीत संसर्ग झाला, एका रात्रीत धाप वाढली आणि आम्ही तिला आयसीयूत नेलं. सहा दिवस तोंडावर घट्ट मास्क. ती तो ओढून काढायची, म्हणून दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेली. मला दिवसातून दहा मिनिटं आत सोडायचे. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहायला घेतलं. बांधलेल्या हाताची बोटं जेमतेम हलत होती. मला अक्षर लागेना. मी आपली ‘हो हो, लवकर घरी जाऊ’ म्हणत राहिले. ती घरी आली. मास्कने नाकाच्या दांड्यावर पडलेली जखम भरायला महिना गेला. नंतर एकदा मी विचारलं, तेव्हा काय लिहीत होतीस गं? म्हणाली, “सोडा.” हात सोडा, की आणखी काही, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

त्या सहा दिवसांत तिला काय हवंय हे तिथे कोणी विचारलं नाही. पण तिथल्या लोकांना नावं ठेवताना मला माझी लाज वाटते, कारण तिला ओळखणारी मी होते आणि मीही विचारलं नव्हतं. त्याआधीही नाही आणि नंतर वर्षभरही नाही. ती जरा बरी असली की वाटायचं, चांगलं चाललंय, आता कशाला अभद्र बोला. त्रास वाढला की वाटायचं, आत्ता तिची ही अवस्था, आत्ता कसं बोलणार. या दोन्हींच्या मधला दिवस काही उजाडला नाही.

शेवटी छातीच्या डॉक्टरांनीच पॅलिएटिव्ह टीमचं नाव सुचवलं. दादा भडकला. “म्हणजे यांनी हात टेकले,” म्हणाला. मलाही आतून तसंच वाटलं होतं, फक्त मी बोलले नाही. बहुतेक घरांत हेच होत असणार. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे चार दिवस, औषधं बंद, वाट बघणं, असंच डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात आईचं एकही औषध बंद झालं नाही. ही माणसं आजाराच्या उपचारांसोबतच काम करतात. धाप, दुखणं, मळमळ, झोप, भीती, घरच्यांची दमछाक, हे सगळं त्यांचं काम. २०१० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण होते. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचे दिवस जास्त बरे गेले, शेवटी शेवटी जोरकस उपचार कमी झाले आणि तरीही ते जास्त जगले, साधारण ११.६ महिने, इतर ८.९. आईचा आजार वेगळा, त्यामुळे ते आकडे तिला लागू करायचे नाहीत हे मला कळतं. पण दादाच्या ‘हात टेकले’ला दाखवायला माझ्याकडे काहीतरी आलं. त्याने वाचलं आणि काही बोलला नाही.

डॉक्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी स्टूल ओढून आईच्या समोर घेतलं, तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसल्या आणि आधी एवढंच विचारलं, “आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे? सगळी सांगू, थोडी सांगू, की मुलांशीच बोलू?”

“सगळी सांगा,” आई म्हणाली. “श्वास माझा आहे.”

मग त्यांनी विचारलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मी खाली बघत बसले, कारण उत्तर मला माहीत आहे अशी माझी खात्री होती. ती म्हणाली, “गुदमरायची. आणि परत हात बांधतील याची.”

मरण तिच्या यादीत नव्हतंच. ज्या शब्दाला घाबरून आम्ही वर्षभर गप्प राहिलो, तो तिच्या भीतीत नव्हताच.

त्या एका उत्तरातून बाकी सगळं ठरत गेलं. गुदमरण्यावर उपाय म्हणून हातात धरायचा बॅटरीवरचा छोटा पंखा आला. चेहऱ्यावर, गालांवर आणि नाकापाशी गार वारा लागला की तिथल्या नसांमधून मेंदूला जो निरोप जातो, त्याने हवा कमी पडल्याची जाणीव उतरते. मला हे आधी खरं वाटलं नव्हतं. आता धाप लागली की तिचा हात आधी पंख्याकडे जातो. टेबलावर उशी ठेवून तीवर कोपर टेकून पुढे वाकून बसणं सिस्टरनी शिकवलं. आणि मॉर्फिन.

मॉर्फिनवरून घरात दोन दिवस रण माजलं. दादाचं म्हणणं, सवय लागेल आणि एक दिवस झोपेतच जाईल. डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं. धापेसाठी देतात तो डोस छोटा असतो. फुप्फुसं तशीच राहतात, मेंदूतला ‘हवा नाही, हवा नाही’ हा आक्रोश निवतो. नीट मोजून, बघत बघत दिलं तर त्याने मरण लवकर येत नाही. पहिले काही दिवस गुंगी येईल, मळमळेल. बद्धकोष्ठ मात्र नक्की होणार, म्हणून पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवसापासून सुरू करायचं. आईच्या बाटलीत ५ मिलीत १० मिलिग्रॅम औषध आहे. तिला लागतं अडीच मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा मिली. (हा आईचा डोस आहे. वय, किडनी, बाकीची औषधं यांवर तो माणसागणिक बदलतो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.) पहिला डोस दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने तिचे खांदे खाली आले. श्वासागणिक कानांकडे उचलले जाणारे ते खांदे मी इतके महिने बघत होते, की ते खाली असतात हेच विसरले होते.

१९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स, मग सोशल वर्कर आणि मग डॉक्टर झालेल्या. दुखणं एकट्या शरीराचं नसतं. मनाचं, नात्यांचं, श्रद्धेचं मिळून एकच असतं, असं त्या मांडत. आमच्या डॉक्टरांनी त्यांचं नाव घेतलं नाही, पण दुसऱ्या भेटीत आईला विचारलं, “कोणाशी बोलायचं राहिलंय का?” धाकटी मावशी अकरा वर्षांनी घरी आली. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी दार ओढून घेतलं होतं. त्या रात्री आईने झोपेची गोळी मागितली नाही.

मग कागदाचा विषय निघाला. आगाऊ लिहून ठेवायचं, की मला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. आईला वाटलं मालमत्तेचं इच्छापत्र म्हणतायत. “ते केलंय मी,” म्हणाली. कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे, साक्षीदार आणि सही-शिक्क्याचे नियम वेगळे, ते ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी विचारून घ्यावेत. पण कागद होण्याआधी जे बोलणं झालं, ते कागदापेक्षा मोठं होतं. व्हेंटिलेटरबद्दल डॉक्टर म्हणाल्या, तो आजार बरा करत नाही, वेळ मिळवून देतो. आजार उतरणारा असेल तर त्या वेळात औषधं काम करतात. या फुप्फुसांना कितीही वेळ दिला तरी ती मऊ होणार नाहीत. हृदय थांबल्यावर छाती दाबतात त्यात फासळ्या मोडू शकतात, आणि आजार इतका पुढे गेल्यावर त्याचा उपयोग क्वचित होतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आईने ऐकलं आणि लिहायला सांगितलं: व्हेंटिलेटर नको, छाती दाबणं नको, हात बांधणं कोणत्याही कारणासाठी नको. संसर्ग झाला तर मात्र साध्या वॉर्डात नेऊन अँटिबायोटिक्स द्यावीत.

वतीने बोलणारी व्यक्ती म्हणून तिने माझं नाव सांगितलं. दादा थोरला, तो समोर बसलेला. “त्याला जमणार नाही,” आई म्हणाली. “तो मला सोडायचाच नाही.” दादा उठून बाहेर गेला. पुढे कित्येक दिवस तो आईशी बोलायचा पण माझ्याशी जेवढ्यास तेवढं. मला निवडलं याचा मला मान वाटला असं कोणी समजू नये. जेव्हा विचारतील तेव्हा ‘नको’ हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडायचा आहे. मी काय ठरवते हे विचारत नसतील, आईने काय ठरवलंय हे विचारत असतील, असं डॉक्टर मला पुन्हा पुन्हा सांगतात. ते पटतं. पोटात गोळा यायचा तो येतोच.

आज आईने ती अँटिबायोटिक्सची ओळ काढून टाकली. “आता हॉस्पिटल नको,” म्हणाली. “जे काय असेल ते या खोलीत.” चार शब्द, श्वास, मग पुढचे तीन, असं सांगत होती. डॉक्टरांनी घाई केली नाही. कशामुळे असं वाटतंय, घरी राहायचं म्हणजे काय काय होईल, उद्या मन बदललं तर परत बदलता येईल, सगळं विचारून आणि सांगून झाल्यावर मग ओळ खोडली, तारीख घातली. कागद एकदा लिहिला की झालं, असं मी समजत होते. आजार पुढे सरकतो तसा माणूसही सरकतो, हे मला आज समोर बसून दिसलं.

मग सिस्टरनी मला आणि दादाला शेजारच्या खोलीत नेऊन पुढे काय काय दिसेल ते सांगितलं. झोप वाढेल, दिवसाचा बराच वेळ. खाणं सुटेल; तेव्हा भरवायचा आग्रह करायचा नाही, घास श्वासनलिकेत जातो. ओठ आणि जीभ ओल्या स्पंजने पुसायची. श्वासात खंड पडतील, कधी अर्धा मिनिट, कधी जास्त. घशात घरघर वाजेल, ती ऐकणाऱ्याला सोसवत नाही, पण तोवर आईची शुद्ध हरपलेली असेल, तिला बहुधा त्याचा त्रास होणार नाही. कुशीवर वळवलं तर कमी होते. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर जांभळट चट्टे येतील. बोलत राहा, ऐकू येत असण्याची शक्यता असते. दादा भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकच विचारलं, “तेव्हा आम्ही करायचं काय?” सिस्टर म्हणाल्या, धाप वाढली तर पहिला डोस कोणीतरी द्यायचा, मग आम्हाला फोन. रात्री-अपरात्री कधीही.

जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना या काळजीची गरज असते आणि जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मला आज तो आकडा आठवत होता. बाकीच्या घरांत ‘रात्री-अपरात्री कधीही’ हे कोण म्हणत असेल? तिथेही कोणाचे तरी खांदे कानांपर्यंत उचलले जात असतील.

सिस्टर गेल्यावर दादा स्वयंपाकघरात गेला. मी पाणी प्यायला गेले तर तो ओट्यापाशी उभा होता. वाटीत पाणी, हातात तोंडाने औषध द्यायची सिरिंज. चष्मा कपाळावर सरकवून, सिरिंज दिव्यासमोर धरून तो रेघा बघत होता. एकच्या पुढची पहिली छोटी रेघ की दुसरी, हे त्याने मला विचारलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याने मला काहीतरी विचारलं. मी शेजारी उभी राहून दाखवलं. त्याने पाणी ओढलं, आत राहिलेला बुडबुडा टिचकी मारून वर काढला, पुन्हा ओढलं, वाटीत सोडलं. पुन्हा भरलं. असं किती वेळा केलं मोजलं नाही.

“रात्रीचा डोस मी देतो,” म्हणाला. “तू झोप जरा.”

अकराचा डोस त्यानेच दिला. सव्वा मिली, गालाच्या आतल्या बाजूने, हळूहळू. आईने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं आणि त्याचं मनगट धरून ठेवलं. तो अजून तिच्या पायथ्याशी खुर्चीत आहे. पंखा त्याच्या मांडीवर आहे.