लाखाच्या आतलं घर

गावात मुलगी जन्मली की बाळंतिणीची सासू मला अंगणवाडीत गाठतेच. "ताई, ते लाखाचं कसं असतं?" मुलींसाठीच्या सरकारी लेक लाडकी योजनेचे एक लाख एक हजार एकदम हातात पडतात, असा बऱ्याच जणींचा समज. मग मी सांगत बसते: मुलगी १ एप्रिल २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेली हवी, जन्मानंतर ५ हजार, पहिलीत गेली की ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाली की ७५ हजार. तेही तोवर लग्न लावलं नसेल तर. हे ऐकून एखाद्या सासूचा चेहरा उतरतो. मला मात्र ही अट मनापासून आवडते.

अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी हवं आणि वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत. म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. आमच्याकडे गवंड्याच्या हाताखालचा माणूस ५०० रुपये हजेरी घेतो. महिन्यात वीस दिवस काम लागलं तरी दहा हजार झाले, बायकोची खुरपणी अजून धरलीच नाही. आणि त्याच घराची किराणा दुकानात पावसाळाभर उधारी असते. केशरी कार्डाची लाखाची रेघ १९९९ साली तीन रंगांची कार्डं आली तेव्हाची. तेव्हा लाखात किती सोनं यायचं, ते त्या साली लग्न झालेलीला विचारा.

आता गंमत बघा. लाडक्या बहिणीला मर्यादा अडीच लाखांची. बाळंतिणींसाठीच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५ हजार आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार मिळतात, तिथं तर आठ लाखांच्या आतलं कुटुंबही बसतं. म्हणजे एकाच घरात आई गरीब आणि तिच्या मांडीवरची पोर सरकारी हिशेबानं सुखवस्तू! मग दाखल्यावर नव्वद हजारांच्या आसपासचा आकडा येतो. तो कसा येतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्या माणसांना खोटारडं म्हणणार नाही. रेघच अशी ओढली तर माणूस वाकून आत जाणारच.

त्या मानानं आमचा पोषण आहार बरा. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरी न्यायची पाकिटं, तीन ते सहाच्या पोरांना अंगणवाडीतच गरम जेवण. उत्पन्न कोणी विचारत नाही. फक्त जुलै २०२५ पासून पाकीट देताना मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळवावा लागतो, आणि रेंज नसली की बाया कडेवर पोरं घेऊन ताटकळतात. त्यांचं बोलणं मी खाते, ॲप बनवणारा नाही.

लेक लाडकीचा फॉर्म भरायचाय त्यांनी आधी आईच्या आधारवर नाव माहेरचं आहे की सासरचं ते बघा. पासबुकावर तेच हवं. खातं आधारला जोडलंय का, ते बँकेत विचारून या. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव चढवून घ्या, नुसतं 'बेबी' ठेवू नका. मग या, दुपारी पोरं घरी गेल्यावर.