कड अडवताना

आज हेक्सच्या ११ × ११ पटावर एक डाव हरले, तरी मन भरून आलंय. हेक्स म्हणजे षटकोनी घरांच्या पटावरचा दोघांचा खेळ; आपल्या समोरासमोरच्या दोन कडा सोंगट्यांनी सलग जोडेल तो जिंकतो.

आजवर समोरच्याची सोंगटी कडेकडे निघाली की मी तिला अगदी चिकटून सोंगटी ठेवायचे. ती बाजूने निसटायचीच. त्याच्या दोन सोंगट्यांमध्ये दोन सामाईक रिकामी घरं असली, की तो झाला ‘पूल’: आपण एक घर अडवलं, की तो दुसरं भरतो. पूल तुटत नाही. कडेपासून दुसऱ्या ओळीतली सोंगटीही याच युक्तीने कडेला जोडलेली असते, खालची दोन घरं मोकळी असली की झालं. म्हणजे अडवायचं ते आधी आणि लांबून.

आज त्याच्या पाचव्या ओळीतल्या सोंगटीपुढे दोन ओळी सोडून सोंगटी ठेवली. किती वेळ विचार करत होते! आणि अडलं की हो! मग तो दुसऱ्या ओळीवरून सरकत गेला, मी पहिल्या ओळीवरून सोबत. कोपऱ्याजवळ त्याची जुनी सोंगटी वाट बघत होती, ती मी पाहिलीच नव्हती. तिथे जोडला गेला.

या खेळात बरोबरी होतच नाही. त्याला अडवणं म्हणजेच माझी वाट जोडणं, हे आज हाताला कळलं.

उद्या आम्ही पुन्हा खेळायला बसतोय. मी आधी कोपरे बघणार.